लष्करी आस्थापनेत दोन दिवसांची डेटा हॅकेथॉन घेऊन खरंच काही हाती लागतं का?

तुम्ही लिहिलंय की एका लष्करी आस्थापनेनं तुमच्या कंपनीला डेटा हॅकेथॉन, म्हणजे टीम करून एक-दोन दिवसांत डेटावरून प्रश्न सोडवायची स्पर्धा, घ्यायला बोलावलंय, आणि कॉलेजांत घेता तशीच घेतली तर चालेल का. नाही चालणार. काय हाती लागतं ते आमच्यावरून सांगतो.

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि तोफा दुरुस्त करणाऱ्या शाखेत, बरीच वर्षं काढली. निवृत्तीच्या आधी आमच्या वर्कशॉपमध्ये अशी एक हॅकेथॉन घेतली होती. विषय वरून आलेला: कुठली गाडी कधी बंद पडेल ते आधीच सांगा. हाताशी तीन वर्षांची जॉबकार्डं, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदी. दुसऱ्या दिवशी सकाळी एका टीमनं मॉडेल दाखवलं, आकडे झकास. गाडी व्हीओआर, म्हणजे बिघाडामुळे उभी, होण्यामागचं सगळ्यात मोठं कारण काय निघालं? शनिवार. एक तरुण कॅप्टन आठवड्याभराच्या ताणाबद्दल गंभीरपणे बोलत होता आणि मागे कामाची डांगरी (ओव्हरऑल) घालून उभा असलेला हवालदार हसू दाबत होता. त्याला पुढे बोलावलं. "साब, कार्ड तो क्लर्क शनिवार को चढाता है." तारीख टायपिंगची होती, बिघाडाची नव्हतीच!

तो हवालदार तिथे होता तो निव्वळ योगायोगानं. प्रोजेक्टरची वायर लावायला आला होता.

म्हणून पहिली गोष्ट: ज्यांच्या हातून नोंद होते ते, म्हणजे स्टोअरचा सुभेदार, क्लार्क, फिटर, दोन्ही दिवस टीमसोबत बसवा. एकेका टेबलावर एकेक. सीओ (युनिटचे प्रमुख) साहेबांसमोर हवालदार आपणहून बोलणार नाही, तेव्हा साहेबांना उद्घाटनानंतर चहा पाजून नम्रपणे निरोप द्या आणि थेट शेवटच्या तासाला बोलवा. हे सांगायला कुणीतरी वरिष्ठ गाठावा लागतो. आम्ही नाही गाठला, आणि पहिला अर्धा दिवस सगळे 'जी सर' करण्यात गेला.

शनिवारचा घोळ कळल्यावर आम्ही भाकिताचा नाद सोडला. उरलेल्या वेळात एका टीमनं फक्त सुट्या भागांची यादी चाळली. एकच ऑइल फिल्टर तीन नावांनी नोंदलेला, कुठे पार्ट नंबरात शून्य तर कुठे इंग्रजी 'ओ'. एका नावाखाली साठा निल, गाडी महिनाभर उभी, आणि तोच फिल्टर दुसऱ्या नावानं रॅकवर धूळ खात पडलेला. यात एआय वगैरे काही नव्हतं. नावं जुळवली, बस्स.

आता डेटा बाहेर देण्याचं. बीए नंबर (लष्करी गाडीचा नोंदणी क्रमांक) आणि युनिटचं नाव झाकलं की झालं, असं समजू नका. एकेक जॉबकार्ड निरुपद्रवी असतं, पण कुठल्या महिन्यात किती गाड्या उभ्या होत्या ही बेरीज केली की ती थेट सज्जतेची माहिती होते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपचं आठवत असेल. धावणाऱ्यांच्या मार्गांचा जागतिक नकाशा त्यांनी नोव्हेंबर 2017 मध्ये टाकला, त्यात कुणाचं नाव नव्हतं. तरी जानेवारी 2018 मध्ये लोकांनी त्यावरून सीरिया आणि अफगाणिस्तानातले लष्करी तळ शोधून दाखवले. तुम्ही बाहेरचे, त्यामुळे काम त्यांच्याच मशीनवर, त्यांच्याच आवारात, इंटरनेटशिवाय होईल असं धरून चला. फोन गेटवर जमा, पेनड्राइव्हचं नाव काढायचं नाही. लागणाऱ्या पायथन लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, आधी कळवून तपासून आत न्याव्या लागतात, आणि या परवानगीला हॅकेथॉनपेक्षा कितीतरी जास्त दिवस जातात. ऐनवेळी 'इन्स्टॉल करून घेऊ' जमत नाही.

लष्कराची 'सैन्य रणक्षेत्रम' डोळ्यांसमोर असेल तर ती गोष्ट निराळी. मध्य प्रदेशातल्या महूच्या लष्करी दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयानं ऑक्टोबर ते डिसेंबर 2021 मध्ये ती घेतली. ती सायबर स्पर्धा होती, कौशल्य असलेली माणसं हेरण्यासाठी. घरातला प्रश्न सोडवायला तो साचा उपयोगी नाही.

त्यापेक्षा अमेरिकी हवाई दलाचं उदाहरण बघा. कतारच्या अल उदैद तळावर हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचं रोजचं वेळापत्रक 2016 मध्येही पांढऱ्या फळ्यावर मांडलं जायचं. प्रोग्रामर वेळापत्रक लावणाऱ्यांना विचारत राहिले, आणि काही महिन्यांत कामाचं ॲप उभं राहिलं. ती हॅकेथॉन नव्हती, पण प्रश्न कसा निवडावा ते त्यातून कळतं: रोज कुणाचा तरी घाम काढणारा, छोटा, आणि ज्याचा मालक समोर उभा आहे असा.

मालक आधीच ठरवा, कारण लष्करात दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली. हॅकेथॉनचा उत्साही मेजर पुढच्या पोस्टिंगवर गेला की लॅपटॉप फॉरमॅट होतो. आमच्या शनिवारच्या मॉडेलचं तेच झालं. फिल्टरची यादी मात्र स्टोअरच्या सुभेदार साहेबांनी प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती. मी निवृत्त झालो तेव्हा तिच्यावर पेनानं आणखी चाळीसेक नावं चढलेली होती.