सासऱ्यांसाठी नर्सिंग होम शोधण्याआधी व्हीएचं रेटिंग बघा

ताई, तुमचा प्रश्न आणि त्याखालची उत्तरं वाचली. मला समजलं ते आधी मांडते, चुकलं असेल तर सांगा. सासरे ७९ वर्षांचे. १९६९-७० मध्ये आर्मीतून व्हिएतनामला होते. मधुमेह आहे, बायपास झालेली आहे आणि आता पार्किन्सन्सही. घरात पडले म्हणून ॲडमिट केलं, तर डिस्चार्ज प्लॅनर म्हणते की आता घरी नेणं सुरक्षित नाही, लाँग-टर्म केअर, म्हणजे कायमचं सांभाळणारं नर्सिंग होम, बघा. सासूबाई घरी एकट्या. कानात सतत आवाज येतो म्हणून व्हीएनं, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक (व्हेटरन) खात्यानं, कधीकाळी १० टक्के डिसॅबिलिटी दिली होती, त्यानंतर कुणी काही मागितलं नाही. नणंदेचं म्हणणं, व्हीए आयुष्यभर फुकट सांभाळेल. आणि इथल्या एका दादांचा सल्ला, घर ताबडतोब मुलाच्या नावावर करा.

मी अमेरिकेत नर्सिंग होममध्ये सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं काम केलंय. आधी व्हीएशी करार असलेल्या एका खासगी होममध्ये, नंतर एका राज्याच्या व्हेटरन्स होममध्ये. जवळजवळ प्रत्येक कुटुंब सुरुवात करतं ती खाट शोधण्यापासून. दहा ठिकाणी फोन, वेटिंग लिस्ट, भाव. पण व्हेटरनच्या बाबतीत खरा निकाल लागतो तो रेटिंगवर, म्हणजे सैन्यसेवेमुळे आलेलं (सर्व्हिस-कनेक्टेड) अपंगत्व व्हीए किती टक्के मानतं त्यावर. कोणत्या लढाईत होते, किती पदकं मिळाली, याचा इथे फारसा संबंध नाही.

१९९९ च्या मिलेनियम कायद्यानं व्हीएवर बंधन घातलं, की ज्याचं सर्व्हिस-कनेक्टेड रेटिंग ७० टक्के किंवा त्याहून जास्त आहे आणि ज्याला नर्सिंग होमची वैद्यकीय गरज आहे, त्याला ती सेवा द्यायलाच हवी. गरज कुठल्याही आजारामुळे असो. रेटिंग गुडघ्याचं आणि पाठीचं असलं आणि नर्सिंग होम लागतंय अल्झायमर्समुळे, तरी चालतं. ज्या आजारामुळे खाट लागते तोच सर्व्हिस-कनेक्टेड असेल, तर ७० च्या खालीही हक्क आहे. ६० टक्के असून नोकरी करण्यास असमर्थ ठरवलेल्यांनाही व्हीए याच रांगेत धरतं. बाकी सगळ्यांना मात्र जागा आणि पैसा उरला तर. म्हणजे नणंदेचं म्हणणं खोटं नाही, पण ते १० टक्केवाल्याला लागू होत नाही. गंमत बघा, सर्व्हिस-कनेक्टेड भरपाई मिळणाऱ्याला व्हीएच्या लाँग-टर्म केअरचा को-पे, म्हणजे रुग्णानं भरायचा हिस्सा, माफ असतो, मग ती १० टक्क्यांची का असेना. इतरांना वर्षातले पहिले २१ दिवस सोडले तर ऐपतीप्रमाणे दिवसाला ९७ डॉलरपर्यंत द्यावे लागतात. सासऱ्यांना तो भुर्दंड नाही, पण खाटेवर हक्कही नाही.

आता तुमच्या प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहून सोडून दिलेल्या गोष्टीकडे येते: व्हिएतनाम, मधुमेह, बायपास, पार्किन्सन्स. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात ज्यानं व्हिएतनामच्या जमिनीवर पाय ठेवला, त्याचा एजंट ऑरेंजशी, म्हणजे अमेरिकी सैन्यानं तिथे फवारलेल्या विषारी तणनाशकाशी, संपर्क आला असंच व्हीए गृहीत धरतं. फवारणी कुठे झाली, अंगावर पडली का, काही सिद्ध करावं लागत नाही. आणि त्याच्याशी जोडलेल्या आजारांच्या यादीत टाइप टू मधुमेह आहे, पार्किन्सन्स आहे, इस्केमिक हार्ट डिसीज म्हणजे ज्यासाठी बायपास करतात तोही आहे. २०२२ च्या पॅक्ट ॲक्टनं त्यात रक्तदाबाची भर घातली. स्मृतिभ्रंश स्वतंत्रपणे या यादीत नाही, पण पार्किन्सन्समधून आलेला असेल तर त्याच्या मागोमाग तो मागता येतो. सासऱ्यांचे तीन मोठे आजार यादीत बसतात आणि त्यांना पैसे मिळताहेत कानाचे!

याचं नवल वाटून घेऊ नका. त्या पिढीतले कितीतरी जण परत आले, गणवेश कपाटात टाकला आणि त्या विषयावर बोललेच नाहीत. 'माझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली पोरं होती, त्यांना द्या' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. सरळ सांगते, तुमचा हिस्सा सोडल्यानं दुसऱ्याला जास्त मिळत नाही. सासरे हट्टी असतील तर 'सासूबाईंवर बोजा पडू नये म्हणून' असं सांगून बघा. स्वतःसाठी न मागणारे बायकोसाठी मागतात.

टक्क्यांचा हिशेब मात्र शाळेतल्या बेरजेसारखा नाही. समजा हृदयाला ६० मिळाले आणि पार्किन्सन्सला ३०, तर बेरीज ९० होत नाही. ६० गेल्यावर धडधाकट उरले ४०. त्या ४० चे ३० टक्के म्हणजे १२. एकूण ७२, आणि ते जवळच्या दशकात धरून ७०. पार्किन्सन्सचं किमान रेटिंगच ३० आहे, आणि हात, पाय, बोलणं, गिळणं यांतला त्रास नोंदलेला असेल तर प्रत्येकाचं वेगळं मोजून ते बरंच वर जातं. हृदयाचं रेटिंग बायपास झाली एवढ्यावर ठरत नाही. किती श्रमाला दम लागतो यावर ठरतं. म्हणून न्यूरॉलॉजिस्टला सांगा की नुसतं 'पार्किन्सन्स' लिहून थांबू नका. घास अडकतो का, शर्टाची बटणं लावता येतात का, लघवीवर ताबा आहे का, सगळं कागदावर यायला हवं. व्हीएच्या तपासणीला गेल्यावर ही माणसं ताठ बसतात आणि 'आय ॲम फाइन' म्हणतात. सोबत कुणीतरी जा.

पहिलं काम, आज रात्रीच: 'इंटेंट टू फाइल', म्हणजे अर्ज करणार असल्याची आगाऊ नोंद. छोटासा फॉर्म, ऑनलाइनही होतो. त्यानं आजची तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्ज द्यायला वर्षभर मिळतं. निकाल लागेल तेव्हा पैसे साधारणपणे त्या तारखेपासून धरतात. मग डीडी-२१४, म्हणजे त्यांचा सैन्यातून मुक्ततेचा कागद, शोधा. नाही सापडला तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेख केंद्रातून नक्कल मिळते. १९७३ ला तिथे मोठी आग लागली होती, पण आर्मीचे जळाले ते १९६० च्या आधी सुटलेल्यांचे कागद. सासरे त्यात येत नाहीत.

अर्ज स्वतः भरू नका. काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर गाठा, नाहीतर डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांपैकी एखादीचा मान्यताप्राप्त प्रतिनिधी. हे लोक एक पैसा घेत नाहीत. पहिल्या अर्जासाठी फी घेण्याची कायद्यानं कुणालाच परवानगी नाही. 'आम्ही रेटिंग वाढवून देतो, वाढीव रकमेतले अमुक महिने आमचे' असा फोन आला तर ठेवून द्या. आणि तुमच्या नवऱ्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी असली तरी व्हीएच्या पैशांसाठी ती चालत नाही. सासऱ्यांना व्यवहार झेपत नसेल तर व्हीए स्वतः फिड्यूशियरी, म्हणजे त्यांचे पैसे सांभाळणारा माणूस, नेमतं. कुटुंबातलं माणूस होऊ शकतं, पण अर्ज करावा लागतो.

निकालाला महिने लागतात. तोवर काय? ते हॉस्पिटलात सलग तीन दिवस 'इनपेशंट' म्हणून दाखल असतील आणि रोज नर्सिंगची किंवा थेरपीची गरज असेल, तर मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) स्किल्ड नर्सिंगचे १०० दिवसांपर्यंत बघतं. पहिले २० पूर्ण, पुढे रोजचा हिस्सा आपला. 'ऑब्झर्व्हेशन'वर ठेवलेले दिवस त्यात धरत नाहीत, तेव्हा नेमकं कोणत्या नोंदीवर ठेवलंय ते उद्याच विचारा. हे १०० दिवस हमखास नाहीत, आणि नुसत्या सांभाळण्यासाठी मेडिकेअर काहीच देत नाही. पण क्लेम पुढे सरकवायला तेवढी मुदत मिळते.

जागा तीन प्रकारच्या. व्हीएची स्वतःची कम्युनिटी लिव्हिंग सेंटर्स, बहुतेक व्हीए हॉस्पिटलच्या आवारात. तिथे आता थोड्या मुदतीचे, रिहॅबचे आणि शेवटच्या दिवसांतले रुग्ण बरेच असतात. दुसरी, व्हीएशी करार केलेली खासगी होम्स. घराजवळचं मिळतं, सासूबाईंना रोज जाता येतं. ७० टक्केवाल्यासाठी व्हीए तिथे बेमुदत पैसे भरतं, इतरांसाठी सहसा थोड्याच मुदतीचा करार होतो. तिसरी, राज्यांची व्हेटरन्स होम्स. ती चालवतं राज्य, व्हीए दरडोई रोजची रक्कम देतं आणि तपासणी करतं. ७० किंवा त्याहून जास्त रेटिंगवाल्यांचा पूर्ण खर्च तिथे व्हीए उचलतं. बाकीच्यांना उरलेले पैसे स्वतः भरावे लागतात, पण बहुधा खासगीपेक्षा कमी. कित्येक राज्यांत पती-पत्नी दोघांनाही प्रवेश मिळतो. रहिवासाची अट राज्याराज्यात वेगळी आणि वेटिंग लिस्ट लांब, म्हणून नाव आत्ताच नोंदवा. नाव नोंदवलं म्हणजे जायलाच हवं असं नाही.

लॉबीतले झेंडे आणि सैन्यदलांची बोधचिन्हं बघून भारावून जाऊ नका. मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओकच्या सोल्जर्स होममध्येही ते सगळं होतं. मार्च २०२० मध्ये माणसं कमी पडली म्हणून तिथे स्मृतिभ्रंशाचे दोन वॉर्ड एकत्र केले, आणि त्या कोविडच्या लाटेत किमान ७६ माजी सैनिक गेले. तेव्हा विचारायचं ते हे: रात्रपाळीला आणि रविवारी एका मदतनिसाकडे किती रुग्ण? एजन्सीकडून रोज नवी माणसं येतात का? मेडिकेअरच्या साइटवरचे तारे उपयोगी आहेत, पण मेडिकेअरशी न जोडलेली स्टेट होम्स तिथे दिसतच नाहीत. त्यांच्याकडे व्हीएच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल मागा. द्यायला कुरकुर केली तर तेही उत्तरच. स्वतः जा ते रात्रीच्या जेवणाच्या वेळी. पार्किन्सन्सच्या माणसाला भरवायला वेळ लागतो; कोण बसतंय त्याच्याजवळ, ताट झाकलेलंच परत जातंय का, ते तिथे कळतं. पार्किन्सन्सच्या गोळ्या ठरल्या मिनिटाला लागतात, 'सकाळच्या फेरीत' देऊन चालत नाही. हे केअर प्लॅनमध्ये लिहूनच घ्या.

व्हेटरन्सची सवय असलेल्या जागेचा एक फायदा मात्र खरा आहे. पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं युद्ध स्मरणशक्ती ढिली झाली की वर येतं. रात्री दचकून उठणं, दाराकडे पाठ करून न बसणं, कपडे बदलायला आलेल्या मदतनिसावर हात उगारणं. सवय नसलेली जागा त्याला 'आक्रमक' लिहिते, गुंगीचं औषध सुरू करते, आणि पार्किन्सन्समध्ये हॅलोपेरिडॉलसारखी काही औषधं फार वाईट बाधतात. सवय असलेली माणसं मागून हात लावत नाहीत, आधी नाव घेऊन समोर येतात, चार जुलैच्या फटाक्यांआधी खिडक्या लावून जवळ बसतात. सासरे काय बोलतात, कशानं बिथरतात, ते सासूबाईंकडून लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी चार्जनर्सच्या हातात द्या.

घराबद्दल: नावावर करू नका. सासूबाई त्यात राहतात तोवर मेडिकेडच्या (कमी ऐपतवाल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यमदतीच्या) पात्रतेत ते घर साधारणपणे मोजतच नाहीत. उलट असं बक्षीसपत्र केलंत तर बहुतेक राज्यांचं मेडिकेड मागच्या पाच वर्षांतले व्यवहार तपासतं आणि त्यासाठी काही काळ मदत नाकारू शकतं. व्हीएच्या पेन्शनसाठीही (ती भरपाईपेक्षा वेगळी, ऐपत बघून मिळणारी) २०१८ पासून तीन वर्षं मागे बघतात. क्लेम फसलाच तर मेडिकेड आणि एड अँड अटेंडन्सवाली, म्हणजे रोजच्या कामांत मदत लागणाऱ्यांसाठीची वाढीव, पेन्शन हा दुसरा रस्ता आहे, पण भरपाई आणि पेन्शन दोन्ही एकदम मिळत नाहीत. तिथवर गोष्ट आली तर एल्डर लॉच्या वकिलाकडे एक तास बसा. तो पैसा वाया जात नाही.

घरी ठेवण्याचा विचार अजून मनात असेल तर व्हीएच्या जेरियाट्रिक्स अँड एक्स्टेंडेड केअर विभागाला विचारा. घरी येणारा मदतनीस, डे केअर, सासूबाईंना विसावा म्हणून वर्षाला ३० दिवस रेस्पाइट, हे सगळं आहे. जानेवारी २०२५ च्या एलिझाबेथ डोल कायद्यानं घरच्या सेवेवरच्या खर्चाची मर्यादा नर्सिंग होमच्या खर्चाच्या ६५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली. पण रात्री दोनदा उठवून बसवावं लागणारा माणूस सासूबाईंच्या वयाच्या बाईनं एकटीनं सांभाळणं, हे मी तरी सुचवणार नाही.

उद्याच्या मीटिंगमध्ये डिस्चार्ज प्लॅनरला सांगा की पेशंट व्हेटरन आहे, व्हीएच्या सोशल वर्करला फोन लावा, आणि व्हीएशी करार असलेल्या होम्सची यादी द्या. रिहॅबसाठी त्यातलंच एखादं निवडलंत तर रेटिंग आल्यावर सासऱ्यांना पुन्हा हलवावं लागणार नाही. आणि इथे राज्य कोणतं ते लिहा, म्हणजे तिथल्या स्टेट होमच्या प्रवेशाचं बघून सांगते.