१९३१चा 'फ्रँकेन्स्टाईन' आज पाहिला तर भीती वाटते का?

मला फारशी वाटली नाही. पण या सिनेमावरून आमच्या घरात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याहून सीडी आणली होती. फ्रँकेन्स्टाईन नावाचा शास्त्रज्ञ प्रेतांचे तुकडे जोडून माणूस घडवतोय. विजा कडाडतायत, प्रेत छताकडे चढतंय, आता जीव येणार, अन् नेमकी लाइन गेली. (आमच्याकडे प्रयोग केला असता तर प्रेत प्रेतच राहिलं असतं.) लाइन आली ती जेवणं आटोपल्यावर. मग तळ्याचं दृश्य. लहान मुलगी पाण्यात फुलं सोडते, ती तरंगतात. राक्षसही सोडतो. फुलं संपली तसा तो तिलाच उचलून टाकतो. तीही तरंगेल असं वाटतं त्याला.

माझा धाकटा भाऊ उठून ओट्यावर जाऊन बसला. पाच वर्षांचा असताना त्याने कोंबडीची तीन पिल्लं गुरांच्या टाक्यात सोडली होती. बदकाची पोहतात, मग ही का नाही? तिन्ही मेली. मोठेबाबांनी पऱ्हाटीने झोडपला, वर म्हणाले, "या पोट्ट्याच्या डोस्क्यातच खोट हाये." पुढे तो दहावीत गणितात नापास झाला तेव्हाही हेच.

त्या रात्री मोठेबाबा खुशीत. "पाह्य, मेंदूच गुन्हेगाराचा बसवला व्हता. मी काय सांगत व्हतो?"

चांगल्या मेंदूची बरणी फुटते अन् शास्त्रज्ञाचा नोकर गुन्हेगाराच्या मेंदूची उचलतो, ही दिग्दर्शक जेम्स व्हेलच्या या सिनेमातली सगळ्यात आळशी गोष्ट आहे. सिनेमा ज्या कादंबरीवरून घेतला, त्या मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत असला मेंदू नाही. तिथला जीव बोलायला, वाचायला शिकतो, अन् त्याला घडवणारा पहिल्याच रात्री पळ काढतो. सिनेमातही त्याने कोणाचा जीव घेण्याआधी नोकर त्याला मशालीने छळतो. मोठेबाबांना मशाल दिसली नाही, बरणी तेवढी दिसली.

पाहायचा तर पूर्ण प्रिंट पाहा. मुलीला पाण्यात टाकतो तो तुकडा कित्येक वर्षं कापलेला होता, १९८०च्या दशकात परत जोडला. कापलेल्या प्रिंटमध्ये त्याचे हात तिच्याकडे जातात अन् दृश्य संपतं, नंतर थेट बाप तिचं प्रेत घेऊन गावात येतो. पाहणारा मग मनात भलतंच आणतो.

हां, भीतीचं राहिलंच. राक्षस दारातून पाठमोरा येऊन वळतो तेव्हा काटा येतो. सुरुवातीच्या नामावलीत राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफच्या नावाजागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. पार्श्वसंगीत जवळपास नाही, सव्वा तासाच्या आत संपतो. पण लहान पोरांना तळ्याचं दृश्य दाखवू नका.

कादंबरीचं मी मोठेबाबांना सांगितलं. म्हणाले, "मी कुठं पुस्तक वाचलं? सिनेमात तं मेंदूच व्हता."