खाण्यावर लिहायचंय? मग आधी हंगाम विचारा

(या वेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली, खान्देशात फिरून तिथल्या खाण्यावर लिहायचं कसं. त्यातली पाच घेतलीयत. नावं नकोत असं काहींनी कळवलं म्हणून सगळ्यांचीच गावं तेवढी ठेवली.)

प्रश्न : मी मूळ धुळ्याची, नोकरी पुण्यात. सुट्टीत गावाकडे गेले की ढाबे, खानावळी फिरून लिहायचं ठरवलंय. पण लिहायला बसलं की झणझणीत, चुलीवरचं, अस्सल गावरान हेच शब्द येतात, जे सगळेच लिहितात. सुरुवात कुठून करू? (वाचक, पुणे)

ताई, ते शब्द येतात कारण आपण फक्त ताट बघतो. ताट समोर येतं तेव्हा अर्धी गोष्ट होऊन गेलेली असते. मी तर म्हणेन पहिले काही लेख चवीबद्दल लिहूच नका, ते कोणी केलं, कशावर केलं, कोणत्या महिन्यात केलं आणि आत्ताच का मिळतंय एवढंच लिहा, चव आपोआप येते त्यात.

भरताचंच घ्या. थंडीत जळगावकडे कुठेही जा, भरीत आहेच. पण वांगं कोणतं ते बघितलंय का नीट? मोठं, फिकट हिरवं, पांढरट छटेचं, बिया कमी, आणि भाजल्यावर गर लोण्यासारखा मऊ. जळगावच्या या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. आता शेतातली भरीत पार्टी बघा. वांगी भाजतात ती तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, आणि थंडीत त्या काड्या शेतात असतातच कारण पीक निघत आलेलं असतं. वांगंही तेव्हाच भरात. म्हणजे वांगं, सरपण आणि शेतात बसावंसं वाटणारी हवा तिन्ही एकाच वेळी जमून येतात, म्हणून ती पार्टी हिवाळ्यात होते. हे एवढं जरी लिहिलंत ना, तरी झणझणीत शब्दाची गरज पडणार नाही.

पुढे भाजलेली वांगी सोलून लाकडी बडजीत ठेचतात, मिक्सरला लावलं तर त्याची पेस्ट होते आणि गराचे धागे जातात, हा फरक तोंडात लगेच कळतो. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेल सढळ हाताने. सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. ठेचणारा माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो, आणि एरवी घरात चहासुद्धा न करणारे काका तिथे वांग्यांवरून नजर हलू देत नाहीत, अशा गोष्टी टिपा.

शेवभाजीचंही तसंच. हायवेला धुळ्यापासून जळगावपर्यंत पाट्याच पाट्या आहेत, पण सगळीकडे एकच गोष्ट बघा, शेव कधी टाकतात. रस्सा आधी तयार असतो, कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून केलेल्या वाटणाचा, आणि जाड तिखट शेव ऐन वाढायच्या वेळी पडते. आधी टाकली की लगदा. पार्सल मागितलं तर चांगला हॉटेलवाला शेव वेगळी बांधून देतो, आणि मला विचाराल तर त्या एका गोष्टीवरून मी हॉटेल ओळखते. शेव कुठून येते तेही विचारा, स्वतः पाडतात की बाजारातून आणतात. या प्रश्नावर आचारी खुलतात, कारण चव कशी आहे हे सगळे सांगतात पण काम कसं केलं हे त्यांना कोणी विचारत नाही.

आणि हो, एका दिवसात पाच ढाबे करू नका. एकाच ठिकाणी दोनदा जा, एकदा जेवायच्या गर्दीत आणि एकदा दुपारी चारला, जेव्हा भांडी घासली जातात, कांदा सोलला जातो आणि माणसं बोलायला मोकळी असतात.

प्रश्न : माझं सासर चोपड्याकडचं. तिथलं सगळ्यात भारी जेवण मला कधीच हॉटेलात मिळालं नाही, मांडे, बिबड्या, डुबुकवड्यांची आमटी हे सगळं घरातच. मग हॉटेलं फिरून लिहिण्यात काय अर्थ? (वाचक, नाशिक)

अर्थ आहे पण अर्धाच, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. हॉटेलात तेच टिकतं जे पटकन वाढता येतं आणि बारा महिने करता येतं. मांडे त्यात बसतच नाहीत. गव्हाचं सैल पीठ भरपूर मळून तार आणायची, पुरण भरायचं, मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठं करत न्यायचं आणि उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचं. लाटणं नाही, पोळपाट नाही. हे वर्षानुवर्षांचं हाताचं कसब आहे आणि ते बहुतेक बायकांकडे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी आल्या की आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, तो बेत ऐन उन्हाळ्यात, बाहेर चाळीसच्या वर पारा आणि ही बाई चुलीपुढे बसलेली. लिहायचं तर हे लिहा की त्या उन्हात कोण बसलं होतं.

आता बऱ्याच गावांत बायका ऑर्डरवर मांडे करून देतात, लग्नात बोलावतात त्यांना. तुम्ही तिथे जाऊन लिहिणार असाल तर माझा एक आग्रह आहे, नुसता फोटो काढून येऊ नका. त्यांना आधी विचारा नाव छापलं तर चालेल का, फोन नंबर दिला तर चालेल का, कारण काहींना ऑर्डरी हव्या असतात आणि काहींना घरापर्यंत अनोळखी लोक यायला नको असतात. आणि त्यांचा अर्धा दिवस घेतलात तर त्याचे पैसे द्या, पाहुणचार म्हणून फुकट करून घेऊ नका. त्यांचं ते काम आहे.

हॉटेल आणि घर यांच्या मधली एक तिसरी जागाही आहे, भंडारा आणि लग्नाची पंगत. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी खायची तर तिथेच. उकडून, कापून, तळलेली बट्टी, वर वरण आणि तूप. शेकड्यांनी माणसं जेवतात आणि गावातलेच लोक कढईपाशी उभे असतात. बोलावलंय तर नक्की जा, आणि जमलं तर पहाटेच, बट्ट्या वळतात तेव्हा.

प्रश्न : हॉटेलवाले ओळखीचे निघतात, पैसे घेत नाहीत, मग वाईट लिहायचं कसं? (वाचक, अमळनेर)

भाऊ, खान्देशात पाहुण्याला बिल द्यायला लावत नाहीत हे खरं, पण लिहायला गेलात तर पैसे जेवणाआधी द्या, ऑर्डर देतानाच, म्हणजे नंतरची ओढाताण होत नाही. एवढं करूनही नाहीच घेतले तर तिथे आनंदाने जेवा पण त्यावर लिहू नका. आणि छोट्या खानावळीत एखाद दिवशी रस्सा खारट झाला तर तो छापायची गरज नाही, परत जा आणि परत खा. पण शिळं तेल, अस्वच्छ पाणी हे मात्र लिहायलाच हवं, तिथे ओळख आणू नका मध्ये.

प्रश्न : अजिंठा बघायला जळगावला उतरणार आहोत, दोन दिवस आहेत. लेण्यांशिवाय काय लिहिण्यासारखं? (वाचक, ठाणे)

बरेच लोक जळगाव स्टेशनला उतरतात, गाडी करतात, अजिंठा बघतात आणि त्याच गाडीने परत, मला त्याचं वाईट वाटतं. दुसरा दिवस यावल-रावेरकडे ठेवा. केळीच्या बागा, रस्त्याकडेला गरम कढईतून निघणारे केळीचे वेफर्स. फैजपूर तिकडेच, १९३६ सालचं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, तिथेच झालं. परत येताना जळगावजवळच्या आसोद्याला थांबा, बहिणाबाई चौधरींचं माहेर. डिसेंबर-जानेवारीत येत असाल तर जळगावात भरीत किलोवर विकत मिळतं, सोबत कळण्याच्या पुऱ्या घ्या. मे महिन्यात येत असाल तर भरताचा हट्ट धरू नका, आमरस मागा.

प्रश्न : खान्देश म्हणजे जळगाव आणि फार तर धुळे एवढंच सगळे लिहितात. आमच्या नंदुरबारचं काय? (वाचक, शहादा)

तक्रार एकदम बरोबर आहे. जिल्हा १९९८ ला वेगळा झाला पण खाण्याच्या लेखांत अजून आलाच नाही. खरं तर खान्देशी रस्स्यातली मिरची बघायची तर नंदुरबारलाच यायला पाहिजे. हिवाळ्यात ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि मग पथारींवर, उघड्या मैदानात, लांबपर्यंत लाल पसरलेली असते. देठं खुडायला बायका दिवसभर त्या ठसक्यात बसलेल्या, आणि अवकाळी पाऊस आला की सगळ्यांचीच धावपळ, कारण भिजलेली मिरची गेली ती गेली. त्या पथारीवरून लेख सुरू करा आणि मग मटणाच्या रस्स्यावर या.

दुसरं म्हणजे दादर. रब्बीची ही ज्वारी काळ्या जमिनीतल्या ओलीवर येते, तिची भाकरी आणि नवापूरकडची तूरडाळ, एवढ्या दोन गोष्टींवर एक पूर्ण लेख होतो. आणि धडगावकडे जाणार असाल तर उन्हाळ्यात जा, सातपुड्यातली आदिवासी कुटुंबं कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात, तो आमचूर. किती कैऱ्यांचा किलोभर आमचूर होतो, भाव कोण ठरवतं, व्यापारी गावात येतो की माल बाजारात न्यावा लागतो हे त्यांच्याकडूनच विचारून लिहा. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो तेव्हा तर लांबलांबून माणसं येतात, तुम्ही शहाद्याचे म्हणजे तुमच्या घराजवळच, यात्रेतल्या तात्पुरत्या खानावळींवर या वर्षी तुम्हीच लिहून पाठवा, आम्ही छापू.