रविवारी ताम्हिणी घाटात रस्त्याकडेचा कचरा उचलायला येतोयस ना, मग हे वाच

आधी एक विचार: गोण्या भरल्यावर जाणार कुठे? आमच्या पहिल्या वर्षी आम्ही अकरा गोण्या भरून रस्त्याकडेला नीट रचल्या, फोटो काढले, घरी गेलो. रात्रीत कुत्र्यांनी सगळ्या फाडल्या. तेव्हापासून ग्रामपंचायतीशी बोलून घंटागाडी किंवा टेम्पो ठरल्याशिवाय मी वाकतही नाही.

तांदळाच्या रिकाम्या गोण्या आण. काळ्या पिशव्या काचेने लगेच फाटतात. जाड हातमोजे, लांब चिमटा, भडक रंगाचा शर्ट आणि बूट हवेतच. चप्पल घालून आलास तर गाडीत बसवून ठेवीन. वाहनं समोरून येताना दिसतील अशा, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं. वळणावर एकाने उभं राहून फक्त गाड्यांकडे बघायचं. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून आळीपाळीने.

पावसाळ्यात गवतात थेट हात घालू नकोस, आधी काठीने हलव. पिवळसर पाणी भरलेली बाटली दिसली तर झाकण उघडू नकोस. काय असतं ते कळेलच.

बाटल्या वेगळ्या ठेव, भंगारवाला घेतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या मात्र तो हातात धरत नाही, आणि गोणीत जास्त त्याच निघतात. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे, तरी मक्याच्या गाड्यांमागे पातळ पिशव्या सापडतातच. गाडीवाल्याशी भांडू नकोस. त्याच्याकडून कणीस घे, मग डबा ठेवायला सांग. दोघांनी ठेवलेत.