वाचकांचे प्रश्न : घरच्या हिशोबाची वही संगणकावर

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझे निवृत्तिवेतन बँकेत जमा होते, यजमानांच्या नावे अडीच एकर ऊस आहे आणि ठेवी एक बँक व दोन पतसंस्थांत विखुरलेल्या आहेत. आजवर सगळा हिशोब वहीत ठेवला. मुलाने त्याचा विंडोजचा जुना संगणक घरी ठेवला आहे, त्यावर हिशोब सुरू करावा असे मनात आहे. बँकेशी आपोआप जोडले जाणारे सॉफ्टवेअर उत्तम, असे काहीजण सांगतात. कोणते निवडावे? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बँकेशी आपोआप जोडले जाण्याचा मोह आपण प्रथम बाजूला ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्थेतून खातेदाराच्या संमतीने बँकेतील माहिती मागवता येते, हे खरे. परंतु पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात आणि त्यांचे पासबुक बहुधा काउंटरवर जाऊनच भरून घ्यावे लागते. म्हणजे आपल्या ठेवींचा मोठा भाग त्या जोडणीबाहेरच राहील आणि पडद्यावर दिसणारी एकूण रक्कम नेहमी अपुरी असेल. क्विकनसारखी अमेरिकेत नावाजलेली सॉफ्टवेअर वर्गणी भरून घ्यावी लागतात, ती तिकडच्या बँकांसाठी बांधलेली आहेत आणि आपल्याकडे त्यांचा उपयोग नाही. टॅली हे व्यापाऱ्याचे साधन आहे. घरातील किराणा आणि गॅस सिलिंडरसाठी ते विकत घेणे म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर काढण्यासारखे होईल.

आपल्यासाठी मी ग्नूकॅश सुचवीन. ते मोफत आणि मुक्तस्रोत असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते, इंटरनेटची गरज लागत नाही आणि खात्यांची नावे मराठीत लिहिता येतात. मात्र ते दुहेरी नोंदीच्या, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठून आली आणि कुठे गेली हे दोन्हीकडे लिहिण्याच्या, पद्धतीवर उभे असल्यामुळे पहिले पंधरा दिवस डोक्याला त्रास देते. तो त्रास आपण सोसावा असे मी म्हणतो, त्याचे कारण आपल्या उसाच्या बिलातच आहे.

समजा, कारखान्याचे बिल १,८६,००० रुपयांचे झाले, त्यातून विकास सोसायटीच्या पीककर्जाचे ९०,००० रुपये परस्पर वळते झाले आणि यजमानांच्या खात्यात ९६,००० रुपये जमा झाले. जमा-खर्चाच्या साध्या वहीत आपण बहुधा ‘ऊस : ९६,०००’ एवढेच लिहीत असाल. त्या एका ओळीत उत्पन्न निम्म्यावर आले आणि कर्ज फिटल्याची नोंद कुठेच राहिली नाही. मग वर्षअखेरीस ‘ऊस परवडला का’ हा प्रश्न घरात निघाला, की आठवणीवर भांडण होते. ग्नूकॅशमध्ये हाच व्यवहार एका नोंदीत तीन ठिकाणी मांडला जातो : उत्पन्नाकडे ऊस १,८६,०००, बँकखात्यात ९६,००० आणि सोसायटी कर्जाकडे ९०,०००. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही, तर किती फरक पडला ते सॉफ्टवेअर तिथल्या तिथे दाखवते. खत, बियाणे आणि तोडणीवाल्यांना दिलेली खुशाली उसाच्याच खर्चखात्याखाली लिहीत गेल्यास परवडण्याचा हिशोब वेगळा काढावा लागत नाही.

सुरुवातीलाच ‘प्राधान्ये’ या भागात हिशोबी वर्षाचा आरंभ १ एप्रिल असा करून घ्यावा, नाहीतर अहवाल जानेवारीपासून निघतील. ठेवींसाठी ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ अशी दोन वेगळी मुख्य खाती ठेवावीत. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. दोन बेरजा शेजारी-शेजारी दिसल्या, की पुढची पावती कुठे करायची याचा विचार आपोआप होतो.

दुहेरी नोंद अगदीच नको असेल, तर होमबँक हे मोफत सॉफ्टवेअर बरेच सोपे आहे. केमायमनी या दोहोंच्या मधले म्हणता येईल.

संगणक जुना आहे म्हणून दोन सूचना. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे संगणकावर तेच असेल तर हिशोब खुशाल लिहावा, पण त्यावरून नेट बँकिंग करू नये. दुसरे असे की ग्नूकॅशच्या फाइलला पासवर्ड लावण्याची सोय नाही. म्हणून विंडोजमध्ये स्वतःचे वेगळे खाते उघडून त्याला पासवर्ड ठेवावा. ग्नूकॅश जुन्या प्रती मूळ फाइलशेजारीच ठेवते, म्हणजे संगणक गेला की त्याही गेल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतील कित्येक तळमजल्यांवर वह्या, पासबुके आणि संगणक एकदमच भिजले, हे आपल्याला सांगायला नको. दर महिन्याला फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी, मुलाकडे ठेवावा.

प्रश्न : माझ्याकडे मायक्रोसॉफ्ट मनीमध्ये ठेवलेला अनेक वर्षांचा हिशोब आहे. तो आता वाया जाणार का? — एक वाचक, मिरज

उत्तर : नाही, परंतु जुना संगणक चालू आहे तोवरच घाई करावी. मायक्रोसॉफ्टने मनीची विक्री २००९ मध्ये बंद केली. कोणतेही सॉफ्टवेअर घेताना त्यात माहिती कशी भरायची यापेक्षा ती बाहेर कशी काढायची हे आधी पाहावे, असे मी या सदरात आग्रहाने लिहितो, ते अशाच पत्रांमुळे. मनीमधून क्यूआयएफ या प्रकारची, म्हणजे हिशोब एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीची, फाइल काढता येते, पण एका वेळी एकाच खात्याची; तेव्हा जितकी खाती तितक्या फायली करून त्या ग्नूकॅशमध्ये आयात कराव्यात. बचत खात्यातून ठेवीत वळवलेली रक्कम दोन्ही फायलींत असल्याने कधीकधी ती दोनदा येते. म्हणून प्रत्येक खाते आणल्यावर त्याची शिल्लक पासबुकातील त्याच तारखेच्या शिलकीशी ताडून पाहावी आणि ती जुळल्याशिवाय पुढच्या खात्याला हात लावू नये.