रिटायरमेंटला वर्ष राहिलं असेल तर आधी सेवापुस्तक पाहा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मिस्टर जलसंपदा विभागात वरिष्ठ लिपिक, नागपूरलाच, पुढच्या मे अखेर अठ्ठावन्न पूर्ण होऊन रिटायर होतात, सर्व्हिस एकतीस वर्षं. तुम्हाला तीन गोष्टी पाहिजेत, हातात किती येईल, चाळीस टक्के पेन्शन विकायची, म्हणजे तेवढा भाग सोडून एकरकमी पैसे घ्यायचे, की नाही कारण सासरे नको म्हणून राहिले, आणि २००७ ला लागलेल्या तुमच्या भावाला यातलं काय मिळणार. तिन्हीचं सांगतो. पण तुम्ही जे विचारलं नाही ते आधी सांगतो कारण लोकांचं पेन्शन तिथेच अडकतं, मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शाखेत, नोकरी काढली आणि अजूनही ओळखीच्यांच्या केसेस पाहून देतो म्हणून हे इतकं ठासून सांगून राहिलो.

हिशोब अवघड नाही जी. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ मधे सगळं लिहिलंय, कॅल्क्युलेटर घेतला की निघतो. उशीर होतो तो सेवापुस्तकामुळे, म्हणजे नोकरीभरच्या नोंदी असतात त्या पुस्तकामुळे. मिस्टरांना म्हणा या आठवड्यात आस्थापनेत जाऊन स्वतःचं मूळ सेवापुस्तक मागा, शेजारी बसा आणि पहिल्या पानापासून पाहा. घरी दुय्यम प्रत असेल तर ती सोबत न्या. पहिल्या पानावर नाव आणि जन्मतारीख, ते आधार, पॅन, बँक पासबुक यांच्याशी अक्षर न अक्षर जुळतं का. मग दरवर्षीची सेवा पडताळणीची नोंद, एकतीस वर्षात चार-पाच बदल्या झाल्या असतील तर कुठल्या तरी जुन्या ऑफिसची दोन-तीन वर्षं कोरी सापडतातच, आणि ते ऑफिस गडचिरोलीला किंवा यवतमाळला असलं तर तिथून पगारपटावरून नोंद करून आणायला महिने जातात. त्यानंतर स्थायित्व (नोकरीत कायम झाल्याचं) प्रमाणपत्र, मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा पास किंवा सूट मिळाल्याची नोंद, एमएस-सीआयटीची म्हणजे कॉम्प्युटर परीक्षेची नोंद. लोकांना वाटतं ही कारकुनी गोष्ट आहे पण एमएस-सीआयटी मुदतीत पास नसेल तर तेव्हापासूनच्या वेतनवाढींची वसुली निघते आणि ती नेमकी शेवटच्या वर्षात समोर येते, तेव्हा घरात रडारड. मेडिकल सर्टिफिकेटशिवाय घेतलेली असाधारण (बिनपगारी) रजा सहसा पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत, तिचाही हिशोब बघा.

सगळ्यात जास्त अडतं ते वेतननिश्चितीवर. प्रमोशन, आश्वासित प्रगती योजनेचा (प्रमोशन नाही मिळालं तर ठराविक वर्षांनी वरच्या वेतनाचा) लाभ, १ जानेवारी २०१६ पासूनची सातव्या वेतन आयोगाची निश्चिती, हे सगळं वेतन पडताळणी पथकाकडून तपासून शिक्का मारून आलं पाहिजे. पथकाने आक्षेप काढला तर पुस्तक परत, दुरुस्ती करून पुन्हा पाठवायचं. जास्तीचा पगार दिला गेला म्हणून वसुली निघाली तर गप्प सही करून देऊ नका. पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या केसमधे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मधे सांगितलंय की वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्याकडून, किंवा ज्याची रिटायरमेंट वर्षभराच्या आत आहे त्याच्याकडून, किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त काळ चुकीने दिलेल्या रकमेची अशी वसुली करता येत नाही. मिस्टर वर्ग तीनच आहेत. ऑफिस हमीपत्र दाखवतं की तुम्हीच लिहून दिलं होतं जास्त दिलं तर परत करीन, त्यावर वाद होतो, पण लेखी हरकत आधी नोंदवलेली असली की पुढे भांडायला जागा राहते.

नियमाप्रमाणे पेन्शनच्या कागदांची तयारी रिटायरमेंटच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला पाहिजे आणि सहा महिने आधी केस एजीकडे म्हणजे महालेखाकारांकडे गेली पाहिजे. विदर्भ आणि मराठवाड्याच्या केसेस आपल्याच सिव्हिल लाइन्सातल्या एजी ऑफिसात येतात, बाकीच्या मुंबईला. म्हणजे तुमची फाइल नोव्हेंबर अखेरपर्यंत निघायला पाहिजे, आणि त्याच्या आधी पथकाचा शिक्का, क्वार्टर असेल तर त्याचं ना-देय, घरबांधणी किंवा गाडीचं अग्रिम फिटल्याचा दाखला, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला. एजीकडून तीन आदेश निघतात, पेन्शनचा पीपीओ, उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा आणि विक्रीचा. ते कोषागारात येतात, तिथे एकदा ओळख पटवायला जावं लागतं, मग दर महिन्याला बँकेत.

आता पैसे. मला मिस्टरांचा बेसिक माहीत नाही म्हणून समजायला सोपा ६०,००० धरतो. वीस वर्षांच्या वर सर्व्हिस आहे म्हणजे पूर्ण पेन्शन, शेवटच्या बेसिकच्या अर्धं, म्हणजे ३०,००० आणि त्यावर त्या त्या वेळचा महागाई भत्ता. शेवटच्या दहा महिन्यांची सरासरी जास्त निघाली तर ती धरतात. (३० जूनला रिटायर होणाऱ्यांना १ जुलैची काल्पनिक वेतनवाढ पेन्शनसाठी मिळायला लागली आहे, एप्रिल २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. मिस्टर ३१ मे चे, त्यांना ते नाही, कोणी सांगितलं तर धावपळ करू नका.) ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला पाव पगार, एकतीस वर्षांच्या बासष्ट सहामाह्या, म्हणजे साडेपंधरा पगार, नुसता बेसिक धरून हिशोब केला तर ९ लाख ३० हजार. जास्तीत जास्त साडेसोळा पगार आणि रकमेची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख, आधी १४ होती. शिवाय जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी), गट विम्याची रक्कम, आणि शिल्लक अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत रोख. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, विक्रीची रक्कम यावर सरकारी कर्मचाऱ्याला इन्कम टॅक्स नाही. महिन्याची पेन्शन मात्र पगारासारखीच टॅक्समधे धरतात.

विक्रीचं नीट समजून घ्या, कारण सासरे काय विचाराने नको म्हणतात ते मला कळतं, त्यांना महिन्याला हातात कमी येणार एवढंच दिसतं. ३०,००० च्या ४० टक्के म्हणजे १२,००० विकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे पुढचा वाढदिवस एकोणसाठावा, तक्त्यातला गुणांक ८.३७१. बारा हजार गुणिले बारा गुणिले ८.३७१, एकरकमी १२,०५,४२४ हातात. पेन्शन १८,००० राहते पण महागाई भत्ता पूर्ण ३०,००० वरच मिळत राहतो, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पंधरा वर्षांनी ते १२,००० परत सुरू. पंधरा वर्षात कपात होते २१ लाख ६० हजार, म्हणून लोक म्हणतात तोटा आहे. पण आज मिळालेले बारा लाख आणि पंधरा वर्षं हप्त्याहप्त्याने जाणारे एकवीस लाख यांची अशी सरळ वजाबाकी होत नाही, व्याजात मोजलं तर हे साधारण साडेआठ-पावणेनऊ टक्क्याचं पडतं. आणि मोठी गोष्ट म्हणजे मधेच पेन्शनर गेला तर उरलेली कपात बायकोच्या कुटुंब पेन्शनमधून होत नाही, ती तिथेच संपते. बँकेचं कर्ज असं नसतं.

माझं मत विचाराल तर घराचं कर्ज डोक्यावर आहे, पोरीचं लग्न किंवा शिक्षण समोर आहे, कोणाकडून व्याजाने घ्यावं लागणार आहे, तर विका, बिनधास्त. पण पैसा येऊन नुसता एफडीत पडणार असेल तर विकू नका, एफडीवर त्यापेक्षा कमी सुटतं आणि नातेवाइकांना कळलं की उसनं मागायला रांग लागते ती वेगळीच. मधला रस्ताही आहे, चाळीस ही कमाल आहे, वीस टक्केही विकता येतात. विक्रीचा अर्ज रिटायरमेंटपासून वर्षाच्या आत केला तर मेडिकल लागत नाही, पेन्शनच्या कागदांसोबतच दिला की सगळ्यात बरं.

आणि ताई, हा भाग तुमच्यासाठी. मिस्टरांच्या माघारी तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार, शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के, आपल्या उदाहरणात १८,००० आणि भत्ता. रिटायर झाल्यावर काही झालं तर सुरुवातीला जास्तीच्या दराने, म्हणजे पूर्ण ३०,००० च्या हिशोबाने, सात वर्षं किंवा ते असते तर पासष्टचे झाले असते त्या तारखेपर्यंत, जे आधी येईल ते. नॉमिनेशनने हे ठरत नाही, नॉमिनेशन ग्रॅच्युइटी, जीपीएफ आणि गट विम्यासाठी असतं. कुटुंब पेन्शन कुटुंबाच्या तपशिलाच्या फॉर्मवरून आणि पीपीओवरून चालते. म्हणून त्या फॉर्मवर तुमचं लग्नानंतरचं नाव, जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे का ते स्वतः वाचा, मिस्टर म्हणतील मी भरलंय सगळं, तरी वाचा. एका बाईंची केस मी पाहिली, पीपीओवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, नवरा गेल्यावर शपथपत्र आणि राजपत्रातल्या नावबदलाच्या मागे त्या माउलीला किती हिंडावं लागलं, आणि घरात दुसरी कमाई नाही. जॉइंट खातं आत्ताच उघडा. अपंग मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याचं नाव आणि प्रमाणपत्र आत्ताच नोंदवून घ्या, आईवडिलांच्या मागे त्याला आयुष्यभर पेन्शन मिळू शकते आणि आईवडील असताना ही नोंद करणं फार सोपं जातं.

भावाचं वेगळं आहे. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर राज्य सरकारात लागलेले जुन्या पेन्शनमधे येत नाहीत, आधी डीसीपीएस, मग एनपीएस, म्हणजे दरमहा पगारातून कापून फंड जमवायची पेन्शन. त्याचे १० टक्के कापतात, सरकार १४ टक्के टाकतं, रिटायर झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत काढता येतात आणि निदान ४० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून ठराविक पेन्शन, घ्यावी लागते. एक गोष्ट त्याला विचारा, त्याच्या भरतीची जाहिरात कोणत्या तारखेची. जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची आणि जॉइनिंग नंतरचं असेल तर २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा ऑप्शन द्यायला सहा महिने दिले होते, त्याने तेव्हा दिला का, आणि दिला तर त्याचा आदेश निघाला का. बाकीच्यांसाठी मार्च २०२३ च्या संपानंतर बरंच हललं. ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने एनपीएसवाल्यांनाही ग्रॅच्युइटी आणि नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला कुटुंब पेन्शन लागू झाली, आणि १ मार्च २०२४ पासून सुधारित योजना आली, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि महागाई भत्ता, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के. पण या सुधारित योजनेच्या ऑप्शनवर सही करण्याआधी त्याच्या खात्यात जमा झालेल्या फंडाचं काय होणार तेवढा परिच्छेद त्याला स्वतः वाचायला सांगा, व्हॉट्सॲपवर आलेल्या तक्त्यावर ठरवू नका म्हणा.

केस लटकलीच तर ऑफिसप्रमुख सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती पेन्शन मंजूर करू शकतो, ती मागून घ्या, मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. ऑफिसच्या चुकीने ग्रॅच्युइटीला तीन महिन्यांपेक्षा जास्त उशीर झाला तर जीपीएफच्या दराने व्याज मिळतं, नियम १२९ अ, अर्जात तो नंबर टाका.

आता एवढं करा, सेवापुस्तकात पडताळणी पथकाचा शेवटचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे आणि सेवा पडताळणीची कोणकोणती वर्षं कोरी आहेत ते मिस्टरांकडून लिहून घेऊन सांगा, मग कुठल्या ऑफिसला काय पत्र टाकायचं ते मी लिहून देतो.