थंडीत ढालकिडे जातात कुठे?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. उन्हाळ्यात बागेत ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, भरपूर दिसतात. डिसेंबरमध्ये मुलीला घेऊन दोनदा शोधलं, एकही सापडला नाही. थंडीने मरतात का? आणि एखादा घरात आणून ठेवला तर चालेल का?

उत्तर : मरत नाहीत, दडून बसतात. तिकडच्या थंडीत खायला मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारे बारीक किडे, नसतो. त्यामुळे प्रौढ किडे अंगातल्या चरबीवर साधारण मार्चपर्यंत काढतात.

हिरव्या पानांवर वरवर बघितलं तर हाती काही लागत नाही. सात ठिपक्यांचा किडा (५ ते ८ मि.मी.) जमिनीलगतच्या झुडपात, गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या काट्यांत किंवा वाळून मुरडलेल्या पानाच्या सुरळीत असतो. सोळा ठिपक्यांचा जेमतेम ३ मि.मी.चा, पण घोळक्याने बसतो; कुंपणाचे लाकडी खांब आणि चर्चच्या आवारातले जुने थडग्यांचे दगड त्यासाठी बघा. अशी आवारं सहसा फारशी साफ केलेली नसतात, तेच आपल्या पथ्यावर पडतं. काळ्या अंगावर लाल ठिपके असलेला पाइन लेडीबर्ड सदाहरित झाडांवर मिळतो.

अशा झाडांसाठी सोपी युक्ती : फिक्या रंगाची छत्री उलटी उघडून फांदीखाली धरा आणि फांदीवर काठीने तीन-चार ठोके द्या. फांदी ओली असेल तर किडे पाण्यासकट छत्रीला चिकटतात, म्हणून कोरडा दिवस निवडा. पडलेले किडे हलत नाहीत, कचरा समजून झटकू नका. मिनिटभर थांबून भिंगातून पाहा. बघून झालं की त्याच झाडाच्या बुंध्याशी सोडा. झाडाची साल मात्र उचकटू नका, तो निवारा पुन्हा जोडता येत नाही.

घरात आणू नका. उबेने किडा जागा होतो, हिंडण्यात चरबी संपवतो आणि उपाशी मरतो. खिडकीच्या चौकटीत आपणहून घोळका जमला असेल तर तो बहुधा हार्लेक्विन जातीच्या ढालकिड्यांचा, ही जात पूर्व आशियातून आलेली. हार्लेक्विनचे पाय तपकिरी असतात, सात ठिपक्यांवाल्याचे काळे. हलवायचेच असतील तर मऊ ब्रशने कागदावर घेऊन थंड शेडमध्ये ठेवा. चिमटीत धरलं तर पिवळा द्रव सोडतात, त्याचे पडद्यांवर डाग पडतात.

जानेवारीत महाराष्ट्रात आलात तर ही छत्री लागणार नाही. करडईच्या शेंड्यांवर मावा असेल, तिथे हे किडे उघड्यावर चरताना दिसतील.